न घेतलेला आक्षेप

माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, हे मला कुणी येऊन सांगावं लागलं नाही. मी खोलीत शिरले आणि सुईने फोन ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. "कुणाशी बोलत होतीस गं?" म्हटलं, तर म्हणे, "काही नाही, असंच." असंच! दार लोटून घेऊन, दबक्या आवाजात, तेही रशियनमध्ये, कोण असंच बोलतं?

सुई म्हणजे आमच्या रशियन विभागातली माझी सहकारी. वसतिगृहात एका खोलीत राहून आम्ही दोघी रशियन शिकलो आणि नोकरीलाही बरोबरच लागलो. ती अंगाने काडी, बोलणं टोचणारं, म्हणून सुई. मला तोफ म्हणतात, आणि का म्हणतात असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझी मुलगी तिला मावशी म्हणते आणि सख्ख्या मावशीपेक्षा तिचं जास्त ऐकते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मुळातच संशयी. तशी मी नाही. पण डोळ्यांवर कातडं ओढून बसणारीही नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. विभाग ज्यांनी उभा केला ते थोरले सर रशियात शिकलेले. तिथे प्रबंधाची जाहीर परीक्षा होते तेव्हा एका विद्वानाला मुद्दाम विरोधात उभं करतात, त्याला ऑपोनंट म्हणतात. थोरल्या सरांनी ती पद्धत इथे आणली आणि नुसत्या प्रबंधांपुरती ठेवली नाही. विभागातल्या कुणाचंही पुस्तक छापायला जाण्याआधी दुसऱ्या एकाने ते पानन् पान वाचायचं आणि सगळ्यांसमोर फाडायचं. स्तुती करायची नाही. स्तुती करायला बाहेरचे लोक आहेत, असं ते म्हणायचे. या प्रकाराला आम्ही झोडणी म्हणतो. झोडून झालं की चहा, आणि ज्याला झोडलं त्यानेच ऑपोनंटच्या कपात चहा ओतायचा. बाहेरच्यांना हे वेडेपणाचं वाटतं. पण आमच्या विभागाच्या पुस्तकावर परदेशातसुद्धा कुणी सहजासहजी बोट ठेवत नाही, ते या वेडेपणामुळेच.

आता माझं पुस्तक. ते एका रशियन शाळामास्तरणीवर आहे. नदीकाठच्या एका आडगावात ती शिकवायची आणि मुलांच्या एका मासिकात गोष्टी लिहायची. तिला आता तिच्या देशातही कुणी ओळखत नाही. तिथल्या राजधानीतल्या मोठ्या ग्रंथालयात बसून तिच्या गोष्टी मी हुडकल्या, त्यांची भाषांतरं केली आणि तिच्यावर लिहीत गेले. घरात सगळे तिला "आईची मास्तरीण" म्हणतात. तिच्या सुरुवातीच्या गोष्टी लोण्यासारख्या मऊ, चिमण्या, मांजरं, शेकोटीची ऊब. नंतरच्या गोष्टी एकदम खडखडीत. त्यांत पोरं खोटं बोलतात, मोठी माणसं दगा देतात आणि कुणी कुणाला माफ करत नाही. मधल्या काळात तिचा नवरा वारला, हे मला जुन्या वर्तमानपत्रात सापडलं. झालं! माझ्या पुस्तकाचा कणा तोच. दुःखाने एक बाई कशी बदलते आणि तिची भाषा तिच्याबरोबर कशी बदलते. लिहिताना मी कितीदा रडले असेन, ते माझं मलाच ठाऊक.

आणि याच पुस्तकावर सगळं अडलेलं होतं. आमचे विभागप्रमुख सर निवृत्त व्हायचे होते. मागे प्रोफेसरची एकच जागा, विभागप्रमुखपदही तिच्याबरोबरच, आणि हक्काच्या उमेदवार दोघी, मी आणि सुई. तिची पुस्तकं आधीच छापून झालेली. माझं वेळेत आलं तर जागा माझी, लांबलं तर तिची. आता सरांनी माझ्या झोडणीला ऑपोनंट कोण नेमावं? सुईच! "विषयातलं दुसरं आहे कोण आपल्याकडे?" म्हणाले. सरांचा सगळा जीव विभागाच्या वार्षिक अहवालात. कुणाचे निबंध आले, कुणाची भाषांतरं झाली, कोण कुठल्या परिषदेत बोलून आलं, हे एकदा छापून हातात पडलं की माणूस सुखी. त्यापलीकडे काय चाललंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

पहिले काही दिवस मी मनाला समजावलं. मग आमच्या विभागाच्या ग्रंथालयात गेले, तर माझ्या मास्तरणीच्या मासिकाच्या जुन्या अंकांच्या, मीच रशियातून आणून ठेवलेल्या प्रती गायब. "सुईबाई घेऊन गेल्यात," ग्रंथपाल म्हणाले, "सगळ्या." सगळ्या? मी संदर्भ दिले होते त्याच नव्हे, सगळ्या? मग त्या फोनचा प्रकार झाला. मग एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि काहीच कारण नसताना विचारते, "तुझी मास्तरीण त्या आडगावातल्या घरात एकटीच राहायची का गं?"

"का?"

"अगं, सहज."

"तुझं सगळं हल्ली सहज आणि असंचच असतं," मी म्हटलं. ती हसली नाही, एरवी हसली असती.

त्यातच आकाशवाणी येऊन बसली. हे आमचे उच्चारशास्त्र शिकवणारे गृहस्थ. विभागात कुणी शिंकलं तरी ह्यांच्याकडून बातमी. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. सुईबाईंच्या हाती मोठं घबाड लागलंय. रशियात कुठल्याशा गावातल्या संग्रहालयात सारखे फोन चाललेत. मी पलीकडच्याच खोलीत असतो ना."

"कसलं घबाड?"

"ते नाही कळलं. पण परवा फोन ठेवल्यावर त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आणि मग म्हणाल्या, अरे देवा, हे आता सगळं पुस्तकच पडतंय."

घरी आले ती तणतणतच. नवरा म्हणाला, "अगं, ती ऑपोनंट आहे. वाचणार, शोधणार, तिचं कामच आहे ते."

"ऑपोनंट म्हणून शोधत असती तर मला लपवून शोधलं नसतं."

"मग विचार ना तिला सरळ."

"तू गप्प बस. तुला माणसं कळत नाहीत."

मुलीने ताटावरून मान वर केली. "मावशी हल्ली येत का नाही?" मी तिलाही ओरडले. बिचारीचा काय दोष होता?

दुसऱ्या दिवशी जिन्यात सुईने मला गाठलं. वरून वर्ग सुटलेली पोरं धाडधाड उतरत होती, आम्ही भिंतीला चिकटून उभ्या. ती म्हणाली, "आज संध्याकाळी घरी येऊ का? बसून बोलायचंय."

"घरी कशाला? जे असेल ते झोडणीत बोल की. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर नको गं. आधी आपण दोघी बोलू."

"का? पुरावे गोळा व्हायचेत अजून? की मी रडतेय ते एकटीला बघायचंय?"

तिचा चेहरा पडला होता, पण मला तेव्हा तेही नाटकच वाटलं. एक पोरगं तिला धक्का मारून गेलं तरी ती हलली नाही. "बरं," म्हणाली आणि खाली उतरून गेली.

मी तडक सरांच्या खोलीत. दार ठोठावण्याचंही भान राहिलं नाही. म्हटलं, "सर, मला दुसरा ऑपोनंट द्या. ही बाई जे काही बोलेल ते जागेसाठी बोलेल. माझा गळा कापायला बसलीय ती."

सर दचकले. "अहो, तुमची इतकी जुनी मैत्री..."

"मैत्री गेली खड्ड्यात. तिला जागा हवीय, मला दिसतंय ना. उद्या तिने काही आक्षेप काढला आणि पुस्तक लांबलं, तर मी वर लेखी तक्रार करेन. तुम्ही हितसंबंध असलेला माणूस नेमलात म्हणून."

लेखी तक्रार हे शब्द ऐकल्यावर सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना हेच नको होतं. आणि अहवालात माझं पुस्तक तर हवंच होतं. "ऑपोनंट बदलता येत नाही, रीत आहे," ते म्हणाले, "पण मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही निश्चिंत राहा."

मी निश्चिंत कसली राहतेय! झोडणीपर्यंत मी प्रत्येक प्रकरणाची तटबंदी केली. कुठून कसा हल्ला होईल, त्यावर काय उत्तर द्यायचं, सगळं घोकून ठेवलं. एक जागा मलाच थोडी कच्ची वाटायची. मासिकाच्या एका अंकात मऊ गोष्ट आणि खडखडीत गोष्ट दोन्ही शेजारीशेजारी आल्या होत्या. पण त्यालाही मी तळटीप दिली होती, की मऊ गोष्ट आधीची असावी आणि संपादकांकडे पडून राहिली असावी. असं होतंच की.

झोडणीला सगळा विभाग हजर होता. आकाशवाणी पहिल्या रांगेत. सुई उठली, हातात एकही कागद नाही. म्हणाली, "पुस्तक मी पूर्ण वाचलं. भाषांतरं सुरेख आहेत. एका विसरलेल्या लेखिकेला या पुस्तकाने परत आणलंय. लेखिकेची मेहनत आणि तळमळ पानापानांवर दिसते. पुस्तक छापायला जावं, अशी माझी शिफारस आहे."

आणि ती खाली बसली.

कुणी खोकलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या खोलीत असलं काही कुणी कधी ऐकलंच नव्हतं. नुकतीच रुजू झालेली एक पोरगी टाळ्या वाजवायला गेली आणि शेजारणीने तिचा हात दाबला. सर मात्र घाईघाईने म्हणाले, "वा, वा, उत्तम! चला, चहा घेऊ." मी किटली उचलली. सुईच्या कपात चहा ओतायचा होता मला. तर तिची खुर्ची रिकामी.

जिंकले ना मी? मग आनंद व्हायला हवा होता. रात्रभर पडून विचार करत राहिले, हिने मला सोडलं का? घबाड होतं तर गेलं कुठे? नक्की पुढच्यासाठी राखून ठेवलंय. पुस्तक छापून येऊ दे, मग बाहेरच्या एखाद्या मासिकात झोडपेल, जगासमोर नाक कापेल.

पुस्तक छापून आलं. जागा मला मिळाली. वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर माझा फोटो आणि खाली "विभागाची या वर्षातील सर्वोच्च कामगिरी." सर निवृत्त होताना सगळ्यांना तो अहवाल स्वतःच्या हाताने वाटत होते. रशियातून दोन प्राध्यापकांनी कौतुक कळवलं. मी मासिकं चाळत बसायची, सुईचा लेख कुठे येतोय ते बघायला. काही आलं नाही. ती समोरून आली की थांबायची आणि मान लववून म्हणायची, "नमस्कार, मॅडम. अभिनंदन तुमचं."

तुमचं! एका ताटात जेवलोय आम्ही, एकमेकींचे कपडे घातलेत. मी म्हटलं, "काय गं हे, मॅडम काय?" तर म्हणाली, "आता तुम्ही विभागप्रमुख आहात." तोंडावर राग नाही, काही नाही. राग असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

शेवटी मला राहवेना. आकाशवाणीला पकडून त्या गावाचं नाव काढून घेतलं आणि संग्रहालयाला फोन लावला. शाळेच्याच दोन खोल्यांमधलं संग्रहालय, आणि सांभाळायला एक म्हातारी शिक्षिका. बोलायला मोठी हौशी. मी मास्तरणीचं आडनाव घेताच म्हणाली, "कोणती हवीय तुम्हाला? थोरली की धाकटी?"

"थोरली धाकटी काय? एकच ना?"

"अहो नाही, दोघी सख्ख्या बहिणी. दोघी इथेच शिकवायच्या. भिंतीवर दोघींचा फोटो आहे, आत्ता मी त्याच्यासमोरच उभी आहे. दोघींचं नाव एकाच अक्षराने सुरू होतं, वडील तेच, आडनाव तेच. तुमच्या त्या मासिकात आडनावाआधी नुसती आद्याक्षरं छापायचे ना, म्हणून घोटाळा. धाकटीचं लग्न झालं तरी ती माहेरच्याच नावाने लिहायची. तिचा नवरा लवकर गेला, बिचारी. पण स्वभाव असा गोड! चिमण्यामांजरांच्या गोष्टी तिच्याच. खडूस ती थोरली, लिहायलाही उशिराच लागली, धाकटी थांबायच्या सुमारास. लग्न नाही की काही नाही, ठणठणीत जगली, आणि गोष्टी मात्र अशा लिहायची की पोरं घाबरायची."

जिचा नवरा गेला ती मऊ लिहीत राहिली होती. जिचं काहीच गेलं नव्हतं ती खडखडीत लिहीत होती. दुःखाने बदललेली माझी ती बाई कधी जन्मालाच आली नव्हती. तिच्यासाठी मी रडले होते.

काय सांगू, तेवढ्यातही मनात येऊन गेलं, ही म्हातारी सुईला सामील नसेल? लाज वाटली स्वतःची. म्हातारीचं चालूच होतं. "तुमच्याकडच्या एक बाई सारखा फोन करायच्या मागे. फार प्रेमळ. मी त्यांना म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना मीच कळवते. तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, माझी मैत्रीण आहे ती, तिचा जीव आहे या पुस्तकात. तिऱ्हाइताकडून कळलं तर तिला सहन व्हायचं नाही. मी तिच्या घरी जाऊन, तिला जवळ बसवून सांगते, आणि मग दोन बहिणींचं पुस्तक करायला तिला मदतही करते. म्हणाल्या, दोन बहिणींचं पुस्तक याहून छान होईल. झालं का हो ते पुस्तक?"

मी काय बोलून फोन ठेवला, आठवत नाही.

सुई तिच्या खोलीत होती, मुलांच्या वह्या तपासत. मी दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "दोघी बहिणी होत्या."

तिने पेन खाली ठेवलं. "हो."

"तू सांगायला येणार होतीस. त्या दिवशी, जिन्यात."

"हो."

"मग झोडणीत का नाही बोललीस? सगळं उधळून टाकायचं होतंस! मी कितीही बोंबलले असते तरी उधळायचं होतंस!"

"सरांनी निरोप दिला होता तुमचा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मी जे बोलेन ते जागेसाठी बोलेन, असं तुम्ही म्हणालात. बहिणींचं मी सांगितलं असतं तर तुम्ही त्याचा अर्थ काय लावला असता? मग दुसऱ्या कुणी ऑपोनंटने बोलावं हेच बरं होतं. पण ऑपोनंट बदलायची रीत नाही."

"मी पुस्तक मागे घेते," मी म्हटलं. "जाहीर सांगते, चूक माझी. जागा गेली तर गेली. नव्याने लिहिते, थोरलीचं आणि धाकटीचं. तू मला झोड. हवं तेवढं झोड. फक्त तूच झोड."

तिने घड्याळाकडे पाहिलं, वह्यांचा गठ्ठा नीट केला, खडू आणि डस्टर उचलला.

"जरूर लिहा. चांगलं होईल ते पुस्तक. तुमच्या हाताखाली आता नवी मुलं आहेत, त्यांतलं कुणीतरी नीट वाचेल. माझा तास आहे."

ती माझ्या बाजूने गेली, दार उघडलं, बाहेर पडली. मी मागोमाग व्हरांड्यात आले आणि "सुई!" म्हणून हाक मारली. इतक्या मोठ्याने, की दोन वर्गांतली मुलं दारातून डोकावली. ती वळली. थांबली. चेहऱ्यावर तेच अदबीचं हसू.

"काही राहिलं का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं, आणि ती वर्गात गेली.